सासऱ्यांचं शिल्प आणि शांत स्वभावाची वेल

या, असे पुढे सरका. मागं बसून ऐकलंत तर अर्धं आख्यान वाऱ्यावर जाईल आणि उरलेल्या अर्ध्यावरून तुम्ही मलाच वेडा ठरवाल. आधीच बऱ्याच जणांनी ठरवलंय. कीर्तनात बुवा देवाची थोरवी गाण्याआधी भक्ताचे हाल कसे रंगवून सांगतात, तसंच हे आहे. फक्त इथं भक्त मी आहे आणि हाल रंगवायची गरज नाही. एक लोखंडाचं शिल्प, एक वेल आणि त्या दोघांच्या मध्ये सापडलेला एक जावई, एवढीच गोष्ट. हसू आलं तर खुशाल हसा. मला सवय झाली आहे.

तर आमचे सासरे शिल्पकार. शिल्पकार म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे संगमरवर, छिन्नी, कमनीय मूर्ती वगैरे येत असेल. यांचं तसलं काही नाही. यांचं सगळं लोखंड. जाड पत्रे वाकवायचे, एकमेकांना जोडायचे आणि गंजू द्यायचे. गंज हा त्या कलेचाच भाग असतो हे मला फार उशिरा कळलं. मुलगी बघायला गेलो तेव्हा अंगणातल्या शिल्पाकडे बोट दाखवून मी, "याला रंग कधी देणार?" असं विचारलं होतं. त्यानंतरही लग्न झालं, याला मी ईश्वरी कृपाच मानतो.

जन्मभर लोखंड वाकवून त्यांचं एकच शिल्प संग्रहालयात लागलं. आमच्याकडच्या संग्रहालयामागे मोठी उघडी बाग आहे. हत्तीच्या कानाएवढ्या पानांची झाडं, पंख्यासारखे ताड, केळीच्या नात्यातली पण केळी न देणारी लाल फुलांची झुडपं, आणि या सगळ्या हिरवळीत मधूनमधून आधुनिक शिल्पं. त्यातलं एक सासऱ्यांचं. नाव ‘आसन’. तीन वाकवलेले पत्रे आणि एक आडवी सळई. ते नेमकं काय आहे, हे सासऱ्यांनी कधीही कुणाला सांगितलं नाही. विचारलं की म्हणत, "बघा ना!" आम्ही बघत होतो. बघून बघून माझ्या मेव्हणीला ते मोडलेलं कपाट वाटलं होतं, आणि आमच्या शेजारच्या निवृत्त हेडमास्तरांना आळशी विद्यार्थी.

यंदा सासऱ्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि सासूबाई गेल्यापासून एकटे राहणारे ते आमच्याकडे राहायला आले. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला होता. बाहेरच्या खोलीतून स्वयंपाकघरापर्यंत चालायचं आणि परत यायचं. वाटेत ते माझ्या वर्तमानपत्रावर, माझ्या चपलांवर आणि एकूणच माझ्या बसण्याच्या जागेवर शेरे मारत. पण चालत. कारण एकच. "पाय चालता झाला की पहिल्यांदा ‘आसन’ बघून येणार," असं त्यांनी जाहीर केलं होतं. त्या एका ओढीवर म्हातारा दात-ओठ खाऊन गुडघा वाकवत होता.

आणि नेमकं तेव्हा संग्रहालयाचं पत्र आलं. बागेत जागा कमी पडते आहे, सबब ज्या शिल्पांपुढे लोक थांबत नाहीत ती गोदामात हलवण्याचा विचार आहे, ‘आसन’ त्यात आहे, कळावे.

हिनं पत्र वाचलं आणि मला स्वयंपाकघरात बोलावून घेतलं. आमच्याकडे गंभीर विषय गॅसच्या शेगडीपाशीच निघतात.

"अहो, बाबांना हे कळलं तर ते व्यायाम सोडतील. खाट धरतील ते."

"मी काय करणार त्याला?"

"तुम्ही विमा कंपनीत हेडक्लार्क आहात. तुम्हाला सरकारी माणसांशी बोलता येतं."

माझ्या नोकरीचं घरात कुणी केलेलं हे पहिलं कौतुक. मी फसलो.

संग्रहालयात शिल्प विभाग आणि उद्यान विभाग एकाच खोलीत बसतात. मध्ये एक लोखंडी कपाट. अलीकडे शिल्पसाहेब, पलीकडे उद्यानबाई. कपाटाचं दार शिल्प विभागाकडे उघडतं आणि उद्यान विभागाचे शिक्के त्या कपाटात आहेत. यावरून पूर्वी कधीतरी मोठं काहीतरी झालं असावं, कारण दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. चिठ्ठ्या लिहितात. शिपाई त्या चिठ्ठ्या कपाटाला वळसा घालून पोहोचवतो. शिपाई रजेवर असला की आलेला माणूस पोहोचवतो. मी गेलो तेव्हा शिपाई रजेवर होता. पुढे लक्षात आलं, तो बहुधा रजेवरच असतो.

"तुमचे सासरे का? वा!" शिल्पसाहेब उठून उभे राहिले. "फार मोठं काम आहे हो त्यांचं. फारच मोठं. म्हणून तर हलवायला क्रेन लागणार आहे."

"हलवूच नका ना."

"लोक थांबत नाहीत. लोक झाडं बघतात, त्या पलीकडच्या चकचकीत गोळ्यात स्वतःची तोंडं बघतात आणि घरी जातात. लोक थांबायला लागले तर समिती विचार करील."

"मग थांबावेत म्हणून काही करता येईल?"

"शिल्पाला हात लावता येणार नाही. आणि भोवतीची जमीन आमची नाही." त्यांनी कपाटाकडे बोट दाखवलं, शत्रूच्या किल्ल्याकडे दाखवावं तसं.

मी वळसा घातला. उद्यानबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "शिल्पाबद्दल मला काही विचारू नका. माझ्या दृष्टीनं तो अडथळा आहे. त्याच्यामुळे गवत कापायचं यंत्र वळत नाही."

"त्याच्याजवळ शोभेचं एखादं रोप लावलं तर?"

"लावा. पण एकदा जमिनीत गेलं की ते संग्रहालयाचं. मग त्याच्या पानालासुद्धा हात लावायचा नाही. पाणी घालायचं, आणि दूर व्हायचं." त्यांनी परवानगी लिहिली आणि शिक्क्यासाठी चिठ्ठी माझ्याच हातात दिली. मी कपाटाला वळसा घालून शिक्का आणला. परत देताना शाईची गादी राहिली म्हणून पुन्हा गेलो. विमा कंपनीतला हेडक्लार्क आहे मी. मला वाटायचं, फिरवाफिरवी म्हणजे काय ते मला ठाऊक आहे.

कोणतं रोप लावावं यावर आमच्या जिन्यात चर्चासत्र झालं. हेडमास्तर म्हणाले, "माणूस आधी पान बघतो, मग पानामागे काय आहे ते बघतो. वेल लावा. थोडीशीच. डोक्यात माळल्यासारखी." वरच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "वेल नको, वेलीला मुंग्या येतात." हेडमास्तर म्हणाले, "मुंग्या शिस्तप्रिय असतात." हे वाक्य इतकं बिनतोड होतं की वेलीचा ठराव संमत झाला.

नर्सरीवाल्यानं एक टिचभर रोप काढलं. दूरच्या कुठल्याशा पावसाळी जंगलातली वेल, नाव असं लांबलचक की बिलावरही मावलं नव्हतं. "फुलं येतात का?" मी विचारलं. "नशीब लागतं साहेब," तो म्हणाला. "वाढते कशी?" "अगदी शांत स्वभावाची आहे." आजही त्या माणसाच्या दुकानावरून जाताना मी रस्ता बदलतो. भांडायची भीती नाही, रडू येईल याची आहे.

रविवारी लावणी केली. गुडघ्यांवर बसून खड्डा खणत होतो, तर एका बाईंनी स्वच्छतागृह कुठे आहे म्हणून विचारलं. मी सांगितलं. दुसऱ्यांनी विचारलं, त्यांनाही सांगितलं. मग एक जोडपं येऊन थांबलं. माझ्याकडे पाहत तो तिला हळूच म्हणाला, "हे आधीच्यापेक्षा जास्त जिवंत वाटतंय." मी मान वर केली तर दोघंही दचकून पळाली. ‘आसना’पुढे लोक थांबले ते त्या दिवशी पहिल्यांदा.

रोप मात्र ढिम्म. महिना गेला तरी तेवढंच. घरी सासरे स्वयंपाकघर ओलांडून मागच्या गॅलरीपर्यंत पोहोचले होते, आणि वेल होती तिथेच होती. शेवटी मी कंपनीत जाण्याआधी पेंड भिजवलेलं पाणी बाटलीत भरून न्यायला लागलो. त्या पाण्याच्या वासानं बसमध्ये माझ्या शेजारची जागा नेहमी रिकामी राहायची, हा एवढाच काय तो फायदा. मी कुणाला सांगितलं नाही. ‘तुमच्याच्यानं एक रोप वाढत नाही’ हे वाक्य मला ऐकायचं नव्हतं.

आता आमची माणसं कशी आहेत बघा. कुणालाच मला दुखवायचं नव्हतं. म्हणून ही मला न सांगता दुपारी जाऊन भाज्या धुतलेलं पाणी घालत होती. हेडमास्तर सकाळच्या फिरण्यात माशांचं खत टाकून येत होते आणि वर रोपाला रागवतही होते. मुंग्यांवरून विरोध करणाऱ्या काकू केळ्यांच्या सालींचं काहीतरी कालवून नेत होत्या. आणि संग्रहालयाचे माळी त्यांचं ठरलेलं खत घालत होतेच. प्रत्येकाला वाटत होतं, बिचाऱ्या रोपाला आपल्याशिवाय कोण आहे! ज्या घरात सगळेच लपूनछपून मायेनं वागतात, तिथं काय अनर्थ होतो हे कुणीतरी निरूपणाला घ्यायला हवं.

पाऊस सुरू झाला आणि शांत स्वभावाचा बांध फुटला.

आधी एक कोंब सळईवर चढला. काय गोड दिसत होता! आम्ही एकमेकांचं अभिनंदन केलं. पुढच्या आठवड्यात पहिला पत्रा गेला. मग दुसरा. तिसऱ्या पत्र्याचं टोक काही दिवस पानांतून बाहेर दिसत होतं, बुडणाऱ्या माणसानं हात वर करावा तसं. एके संध्याकाळी गेलो, तर तेही नव्हतं. समोर नुसता हिरवा डोंगर. ‘आसन’ या नावाची पाटी तेवढी बाहेर होती आणि एक गृहस्थ ती वाचून डोंगराला म्हणत होते, "वा, काय आधुनिक विचार आहे!"

मी घरी येऊन हिला सांगितलं. ही शेगडीपाशी मटकन बसली.

"अहो, बाबा म्हणताहेत पुढच्या आठवड्यात जायचं!"

"मी छाटतो."

"हात लावायचा नाही ना?"

"कुणाला कळणार आहे?"

जेवणाच्या सुट्टीत मी स्वयंपाकघरातली कात्री कंपनीच्या पिशवीत घालून गेलो. आजूबाजूला कुणी नाही असं बघून एक फांदी धरली, आणि बागेच्या त्या टोकापासून या टोकापर्यंत पहारेकऱ्याची शिट्टी वाजली. मला कात्रीसकट कपाटाच्या पलीकडे हजर करण्यात आलं.

उद्यानबाई खुर्चीतून उठल्या. "तुम्हाला माहीत आहे तुम्ही काय कापत होता? कळ्या! या वेलीला कळ्या धरल्यात. माझ्या नोकरीत मी ही वेल फुललेली पाहिली नाही. माझ्या आधीच्या बाईंनीही पाहिली नाही. याच्यापुढे एक पान हललं तरी मला कळलं पाहिजे."

कपाटाच्या अलीकडून शिल्पसाहेब गरजले. त्यांचं बोलणं हवेला उद्देशून होतं. "एका कलाकृतीवर झाडपाल्याचं आक्रमण झालंय! शिल्प दिसत नसेल तर ते बागेत ठेवून उपयोग काय? ताबडतोब गोदामात हलवणार."

"हलवायचं तर वेल कापावी लागेल," उद्यानबाई हवेला म्हणाल्या. "ती मी कापू देणार नाही."

"असं लेखी द्यावं!"

"देते!"

आणि मग काय, चिठ्ठ्या. कात्री हातात घेतलेला हेडक्लार्क कपाटाच्या भोवती प्रदक्षिणा घालतोय. देवळात इतक्या घातल्या असत्या तर मोक्ष मिळाला असता. शेवटच्या फेरीला मी कपाटाच्या टोकाशी थांबलो. तिथून दोन्ही विभाग दिसतात. मी म्हणालो, "अहो, एक म्हातारा माणूस दुखऱ्या पायानं हे बघायला येणार आहे. त्याचं एवढंच आहे हो जगात! त्याला मी काय दाखवू?"

दोघांनीही पेनं खाली ठेवली. मग शिल्पसाहेब हळूच म्हणाले, "शक्यतो पुढच्या वर्षी आणा." उद्यानबाई म्हणाल्या, "फुलं आल्यावर तरी आणा." त्या खोलीत दोन विभागांची उत्तरं एकाच वेळी बाहेर पडली, ती तेवढीच.

सासरे मात्र कुणाचं ऐकणारे नव्हते. रविवारी सकाळी उठून बघतो, तर इस्त्रीचा सदरा घालून, काठी घेऊन, दारात खुर्ची टाकून बसलेले.

"जावईबापू, गाडी बोलवा."

"आज ढग आहेत, बाबा."

"लोखंड आहे ते. साखर नाही."

गाडीत ही मला कोपरानं ढोसत होती. "सांगा ना." "तू सांग, तू मुलगी आहेस." "वेल तुम्ही लावलीत." "पाणी तूही घातलंस." पुढच्या सीटवरून सासरे म्हणाले, "काय कुजबूज चाललीय? माझे कान चांगले आहेत, ऑपरेशन गुडघ्याचं झालंय." 

बागेत शिरलो आणि बघतो तर काय, ‘आसना’पुढे ही गर्दी! वेल फुलली होती. हिरव्यानिळ्या, पोपटाच्या चोचीसारख्या फुलांचे हातभर लांब घोस लोंबत होते आणि माणसं मोबाइल उंच धरून धक्काबुक्की करत होती. सासऱ्यांनी गर्दी पाहिली. त्यांची पाठ ताठ झाली. काठी त्यांनी अशी टेकली, जणू ती शोभेसाठीच आणली आहे.

"एवढी माणसं? माझ्या कामापुढे?"

हिचे डोळे भरून आले.  काय सांगणार? ‘तुमचं काम नाही हो, आमची वेल’?

गर्दीच्या पुढे शिल्पसाहेब आणि उद्यानबाई समोरासमोर उभे होते. मध्ये कपाट नसल्यामुळे दोघांनाही कुठे बघावं ते कळत नव्हतं, म्हणून ते जमिनीकडे बघून भांडत होते. सासरे त्यांच्या मधून गेले. वेलीपाशी थांबले. वर पाहिलं, खाली पाहिलं, पाटी वाचली. मी डोळे मिटून देवाचं नाव घेतलं.

काही आवाज आला नाही म्हणून डोळे उघडले, तर सासऱ्यांनी काठी हिच्या हातात दिली होती आणि पानांच्या आत खांद्यापर्यंत हात घातला होता. आत काहीतरी चाचपत होते. पहारेकऱ्यानं शिट्टी तोंडाला लावली. उद्यानबाईंनीच त्याला हातानं थांबवलं.

"गार आहे," सासरे म्हणाले.

"काय, बाबा?"

"उन्हाळ्यात हात ठेववत नसे. इतकी तापायची बिचारी."

"कोण तापायची?"

"कोण म्हणजे? तुझी आई."

 सासरे आतला हात न काढता बोलत होते, नेहमीच्याच वैतागलेल्या आवाजात. "रुसली की अशीच बसायची, पाठ करून. मी समोर गेलो की पुन्हा पाठ. म्हणून तिला पुढची बाजूच केली नाही मी. उन्हात बसणं तिला जन्मात आवडलं नाही, आणि मी मात्र उघड्यावर आणून बसवली. इतकी वर्षं ते मनाला खात होतं. कुणी केली ही सावली?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा मान वर करावी की खाली, हे मला कळेना. कारण त्याच क्षणी माझ्या मनात एकच विचार आला होता, की इतके महिने मी सासूबाईंच्या पायाशी ते भयंकर वासाचं पेंडीचं पाणी ओतत होतो.

शिल्पसाहेब पुढे झाले. "तुम्ही लेखी हरकत द्या. कलाकाराची हरकत आली की आजच्या आज वेल काढायला लावतो."

"हरकत?" सासरे गरजले. दुखरा पाय विसरून गरजले. "ही वेल आता माझ्या शिल्पातली आहे. एक पान तोडाल तर याद राखा!"

झालं. वेल आता शिल्प विभागाचीही झाली आणि शिल्प उद्यान विभागाचंही झालं. ते हलवायचं तर दोघांची सही एका कागदावर यायला हवी. ती येत नाही. तो कागद कपाटाच्या अलीकडे असतो तेव्हा सही पलीकडे असते. समितीनं प्रयत्न सोडून दिला आहे. ‘आसन’ आहे तिथंच राहणार, आपण सगळे गेलो तरी.

निघताना मला वाटलं, सासरे आता पाठीवर हात ठेवतील, निदान दोन शब्द तरी बोलतील. त्यांनी वेलीकडे डोळे बारीक करून पाहिलं आणि म्हणाले, "जावईबापू, डावा खांदा उघडा पडलाय. तिकडे एक फांदी वळवा. आणि पाणी चुकवू नका." ही माझी बढती. दर रविवारी आता मी तिथं असतो. सासरेही येतात, काठी टेकत, आणि पाणी कसं घालावं ते सांगतात.

तुम्ही कधी त्या बागेत गेलात तर शिल्प दिसणार नाही. पानं बाजूला सारून बघू नका, पहारेकरी शिट्टी मारतो, आणि तिलाही आवडणार नाही. नुसते क्षणभर सावलीत थांबा आणि आमच्या सासूबाईंची आठवण काढा. रुसलेल्या माणसाची काढावी तशीच काढा, जरा लांबून, राग जाईपर्यंत वाट बघत.